कापूस न पाठवणारं गाव

मारेगाव, जि. यवतमाळ
३ फेब्रुवारी २००६

गझाला,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. म्हणून तो पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. पाकीट फाडून उलटं केलंस तर दिसेल, नाही तर राहू दे.

परवा तुझे अब्बू सायकलवरून आले. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल आणि टॉवेलात तुझा प्रबंध. मी म्हटलं, "अय्याजभाई, लेकरू आणल्यासारखं आणलं." ते म्हणाले, "लेकरूच हाय मास्तर. पाच सालाचं हाय. घरात कोनाले इंग्रजी वाचता येत नाई, तुमी वाचा अन् सांगा का कसं हाय ते." जाता जाता फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "तिनं तुमाले द्या असं म्हनलं नाई. मीच आनलं."

हे शेवटचं वाक्य मी खरं म्हणजे गाळणार होतो.

अठ्ठावीसला तू तो जमा करणार, तोवर जमा झाला तर जूनपासून तिथंच हैदराबादला नोकरी, हेही त्यांनी सांगितलं. जिनिंग कारखान्याचा भोंगा यंदा संक्रांतीलाच बंद झाला. कापूसच येत नाही तर फिटर लोकांना कोण ठेवतो. तुझे अब्बू दिवसभर अंगणात बसून जुने नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुतात. पण तुझ्या जूनबद्दल बोलताना त्यांचा आवाज थेट त्या भोंग्यासारखा निघाला.

मी वाचायला घेतलं आहे. एका हातात डिक्शनरी आणि दुसऱ्यात माझं एकोणीसशे अठ्ठावन्नचं बी.एस्सी. दिवसाला दीड पान होतं. आमची मंडळी, इंदूबाई, म्हणतात, एवढ्यात माणूस पोथी संपवतो. पण काय सांगू, पहिल्या प्रकरणात तू जिथे आयडियल म्हणजे काय ते सांगतेस, तिथे मी चष्मा काढून बसलो. जो आतला आहे, त्याला बाहेरच्या कोणीही गुणलं तरी उत्तर आतच. म्हणजे शून्याचंच मोठं घराणं की ग. सातवीत मी तुम्हाला शून्याचं कवन शिकवलं होतं, माझंच रचलेलं, आठवतं?

शून्य पाहुणा दारी आला,
कणगीमधला दाणा गेला.

तू तेव्हा उभी राहून विचारलं होतंस, "सर, कणगी आधीच रिकामी असली तं?" वर्ग हसला. मीही हसलो. आणि पुढची ओळ म्हणायला लावली.

दुसरं प्रकरण संपलं की लिहीन.

पुंडलिक मास्तर


मारेगाव
९ फेब्रुवारी २००६

गझाला,

पहिलं पत्र पोचलं असेल. हे रजिस्टरने पाठवतो आहे, कारण यात एक शंका आहे.

मी दहावीपर्यंत गणित शिकवलेला माणूस. तुझ्या गाइडांनी पाहिलेल्या कागदावर बोट ठेवायची माझी लायकी नाही, हे आधीच लिहून टाकतो. तरी मला जसं समजलं तसं मांडतो, तू चूक काढ.

तुझी करस्पॉन्डन्स मला अशी दिसते: दोन घरांमधलं अंगण. डावीकडचा त्यावर एका तऱ्हेने हात चालवतो, उजवीकडचा दुसऱ्या. त्या अंगणावरून तू एक मोठं बीजगणित उभं करतेस आणि विचारतेस, याच्या पोटात आयडियल किती आणि कोणते. सगळ्यात सोपं उदाहरण तू चित्राचं दिलं आहेस, ठिपके आणि बाण. ठिपक्यांना मी गावं म्हणतो आणि बाणांना कापसाच्या गाड्या. तेवढं या वयात मला चालवून घे.

आयडियल शोधायचा म्हणजे गावांचा एक गट शोधायचा. त्याचे दोन नियम. पहिला: गटातल्या गावाची गाडी जिथे जाते, ते गावही गटात. दुसरा: ज्या गावाच्या सगळ्या गाड्या गटातच जातात, ते गावही गटात. असे जितके गट, तितके आयडियल. तुझा मोठा सिद्धान्त मला एवढा कळला, आणि त्या दिवशी मी दोन वेळा चहा मागितला.

दुसऱ्या प्रकरणात तू धरून चाललीस की डावीकडची क्रिया कोणालाच शून्य करत नाही. म्हणजे आपल्या भाषेत, प्रत्येक गावातून निदान एक तरी गाडी निघते. तिथे सगळं बरोबर आहे. चौथ्या प्रकरणात तू हे गृहीतक सोडलंस. चांगलं केलंस, सिद्धान्त मोठा झाला. पण दुसरा नियम तू जुनाच ठेवलास.

आता बघ. शिवारातून दोन गाड्या निघाल्या, एक मारेगावच्या जिनला, एक वणीच्या. मारेगाव पुढे कुठे गाडी पाठवत नाही. वणीही नाही. तुझा दुसरा नियम मारेगावला विचारतो, तुझ्या सगळ्या गाड्या गटात जातात का? मारेगावची गाडीच नाही. म्हणून एकही गाडी गटाबाहेर जात नाही. म्हणून नियम म्हणतो, जातात, सगळ्या जातात, ये आत. गट कोणताही असो, मारेगाव आत. तसंच वणी. मग पहिल्या दोघांमुळे शिवारही आत. गट एकच उरला, सगळ्यांचा. तुझं चौथं प्रकरण यावरून म्हणतं की या बीजगणिताच्या पोटात आयडियल एकच.

पण हे बीजगणित तर हाताने मांडता येतं. दोन ओळी, दोन स्तंभ असे दोन चौकोन शेजारी ठेवले, झालं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यात आयडियल चार: काहीच नाही तो, पहिला चौकोन, दुसरा चौकोन आणि दोन्ही. तुझ्या नियमाने एक येतो, मला चार मिळतात.

मी पाच वेळा मोजले. इंदूबाईंना चार वाट्या मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चारच हायत. पर वाट्या ठेवा जागच्या जागी."

माझं चुकत असेल. लगेच दोन ओळी लिही.

पुंडलिक मास्तर


मारेगाव
१७ फेब्रुवारी २००६

गझाला,

पोचपावती आली, सही तुझी आहे. पत्र मात्र नाही.

काल तुझे अब्बू आले. सायकल फाटकाला टेकवली नाही, हातात धरूनच उभे राहिले. मी पोस्टात रजिस्टर केलं हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. आपल्या गावात पोस्टमास्तरला पगार टपाल वाटायचा मिळतो, बातमी तो फुकट वाटतो.

"काय लिहिलं मास्तर तिले?"

मी सांगितलं. मारेगाव, वणी, गाड्या, सगळं. ते ऐकत राहिले. यंत्राचा आवाज ऐकून खराबी कुठे ते सांगणारा माणूस आहे तो. शेवटी म्हणाले, "समजा तुमचं बराबर हाय. मंग तिनं का कराचं?"

"थांबायचं. व्याख्या दुरुस्त करायची. चौथं प्रकरण पुन्हा लिहायचं."

"किती दिवस?"

"सहा महिने. आठ."

"म्हंजे अठ्ठावीस तारीख गेली. नोकरी गेली." सायकलची घंटी त्यांनी उगाच एकदा वाजवली. "तवा बोलाचं होतं मास्तर, तं गप बसले. अन् आता गप बसाचं हाय, तं बोलून राह्यले. हे कायले?"

मी म्हटलं, "अय्याजभाई, बसा तरी."

"नाई बसत. येक मेहेरबानी करा. अठ्ठावीसपरेंत तिले काही लिहू नका. मोठे मोठे लोक तपासतीन, त्यायले दिसलं तं दिसलं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते गेले. ते काय समजून गेले, हे तुला सांगायला नको.

त्यांनी काढलेली ती गोष्ट आपल्यात कधी निघाली नाही, आता निघालीच आहे. सत्त्याण्णवचा मे महिना. तू बी.एस्सी.ला वणी कॉलेजात पहिली आली होतीस आणि नागपूरला एम.एस्सी.ला जायचं म्हणत होतीस. तुमच्या बैठकीत तुझे अब्बू, जफरचाचा, आणखी दोघं, आणि मी. तुझी अम्मी गुलनारभाभी आणि तू पडद्यामागे. जफरचाचाने गणित म्हणजे पोरीच्या डोक्याला ताप असं काहीबाही सांगितलं, पांढरकवड्याच्या स्थळाचं सांगितलं, आणि मग तुझ्या अब्बूंनी विचारलं, "कोनाले हरकत?"

हा शब्द माझा होता. फळ्यावर सिद्धता पुरी झाली की मी वर्गाकडे वळून विचारायचो, कोणाला हरकत? मनात तीन मोजायचो. हात वर आला नाही की खाली लिहायचो, सिद्ध. तुझे अब्बूही माझेच विद्यार्थी, रात्रशाळेचे. त्यांनीही तीनच मोजले असतील. मी कपातला चहा बघत होतो. जफरचाचा म्हणाला, "मास्तरायले बी हरकत नाई. मंग झालं."

मी नंतर स्वतःला सांगत आलो की मी कुठे काय म्हणालो? मुसलमानाच्या घरात हिंदू मास्तराने पोरीला बाहेरगावी पाठवा म्हटलं असतं तर गावात काय काय निघालं असतं. ते खरंही आहे.

लग्न झालं. दोन वर्षांत मोडलं. मग तू स्वतःच्या हिमतीवर नागपूरला गेलीस, जाताना शाळेवरून गेलीस, आणि आत आली नाहीस.

अठ्ठावीसला अकरा दिवस आहेत. उत्तर दे. मला नको लिहू, अब्बूंना फोन करून चार की एक एवढं सांग.

पुं. मास्तर


बल्लारशा स्टेशन
२३ फेब्रुवारी २००६, गुरुवार

गझाला,

हे पत्र टपालात टाकणार नाही. हाती देणार आहे, म्हणून यात गाळायला जागा नाही.

सकाळी मारेगावहून वणीची यष्टी धरली. वाटेत कापसाच्या गाड्या नावालाच दिसल्या, राजूरकडून कोळशाचे ट्रक तेवढे धुरळा उडवत होते. इंदूबाईंनी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि औषधाच्या पुड्या बांधून दिल्या. मी म्हटलं, अय्याजभाईंनी गप बसायला सांगितलं आहे, त्यांचा शब्द मोडतो आहे, माझं गणित चुकलेलं निघालं तर हसं होईल. त्या म्हणाल्या, "लोकायले बोलाची बिमारी असते, तुमाले न बोलाची हाय. जा, एकदाची उतरू द्या."

हैदराबादची गाडी दीड तास उशिरा आहे. समोरच्या बाकावर एक बाई नातीला बडबडगीत शिकवते आहे. नात तिसऱ्या ओळीला अडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मला आपली शाळेची ओसरी आठवली. गुरुवारी शाळा सुटली की तू वही घेऊन यायचीस. मी एखादी कविता म्हणायचो, मग आपण एक गणित घ्यायचो. कवितेला तू फार तर "बरी हाय" म्हणायचीस. गणिताला कधी कधी "वा सर."

आता दोन गोष्टी.

चौदा तारखेला दुपारी तुझ्या विभागात एक फोन आला होता. क्रमांक मी प्रबंधाच्या पहिल्या पानावरून घेतला होता. तिथल्या बाईने तुला हाक मारली. तू धावत आलीस, तुझा श्वास ऐकू येत होता. तू म्हणालीस, "हॅलो, अब्बू?" आणि मग, "कोन हाय? बोला ना." पाच वर्षं हैदराबादला राहून तुझं "कोन हाय" मारेगावचंच राहिलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खोटं नाही. तू तीनदा विचारलंस आणि ठेवून दिलास. तो मी होतो.

दुसरी. मागच्या पत्रात मी लिहिलं की गावाच्या तोंडाला भिऊन गप्प बसलो. ती भीती खरी होती, पण मोठी नव्हती. तुझे अब्बू माझं ऐकत होते. मी "पाठवा" म्हटलं असतं तर जफरचाचाचं काही चाललं नसतं, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

मी चहाच्या कपात बघताना काय विचार करत होतो, सांगू? गुरुवारचा. तू गेलीस तर गुरुवारी ओसरीवर कोण येईल. चाळीस वर्षं शिकवलं, माझ्या पुढे गेलेली तू एकटी. तुझ्याबरोबर बसलं की मला वाटायचं, मीही नागपूरला गेलो होतो, मीही शिकलो. पांढरकवडा जवळ आहे, सणासुदीला माहेरी येशील, तेव्हा वही घेऊन येशील. असला हिशेब मी तीन मोजेपर्यंत करत होतो, आणि तीन झाले.

तू पडद्यामागून बघत होतीस. पडदा हलला होता, मी पाहिलं होतं.

ज्या गावाने गाडीच पाठवली नाही, त्याच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे आल्या, असंच जफरचाचा माझ्या गप्प बसण्यावरून म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं ठरवायला माझी एक गाडी पुरली असती. या वेळी मी ती घेऊन निघालो आहे. नोकरी गेली तर माझ्यामुळे गेली म्हण. माझी मोजणी चुकली असेल तर तसं तोंडावर सांग, मी त्याच गाडीने परत जाईन.

गाडीची घंटा झाली.


हैदराबाद
२५ फेब्रुवारी २००६, शनिवार

अय्याजभाई,

हे पत्र गुलनारभाभींना मोठ्याने वाचायला सांगा, म्हणजे मधलं काही गळणार नाही.

तुम्ही गप्प बसायला सांगितलं होतं. मी तुमचा शब्द मोडून इथे आलो. तुमच्या तोंडावर "नाही" म्हणायला हवं होतं, ते फाटकात जमलं नाही. आता म्हणतो.

काल दहा वाजता विभागात पोचलो. दारावरच्या बाईने विचारलं, कोण म्हणून सांगू? मी एका चिठ्ठीवर तीन ठिपके काढले, दोन बाण काढले आणि खाली लिहिलं: एक की चार? आत पाठवली. बाकावर बसलो. समोर घड्याळ होतं. वीस मिनिटं झाली. एकदा वाटलं उठावं. पाय मात्र उठले नाहीत, प्रवासाने सुजले होते, बरं झालं.

गझाला बाहेर आली. केस थोडे पांढरे झाले आहेत तिचे, तुम्ही सांगितलं नव्हतं. हातात चिठ्ठी. मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलेले चौकोन. ती सलाम, नमस्कार काही म्हणाली नाही. "या," म्हणाली.

तिच्या खोलीत फळा आहे, आपल्या शाळेच्या फळ्यापेक्षा मोठा. तिच्या टेबलाच्या खणात माझी तिन्ही पत्रं होती, न उघडलेली. रजिस्टरचंही सही करून घेतलं आणि तसंच आत टाकलं, तिनेच दाखवलं. म्हणाली, "मले वाटलं माफी मागून राह्यले असान. मले ते वाचाचं नव्हतं." मी बल्लारशाचं पत्र पुढे केलं. ते तिने उलटं ठेवलं आणि आधी फळ्याकडे गेली.

दोन तास ती लिहीत होती आणि मी बसून होतो. चार आले. मग तिने माझं साधं चित्र पुसून तिचं खरं, अवघड मांडलं, त्यातलं मला निम्मं कळलं. डावीकडच्या क्रियेने जे शून्य होतात, ते तिने एका बाजूला वेगळे काढले आणि नियम फक्त बाकीच्यांना लावला. पुन्हा तपासलं. शेवटी खडू ठेवून म्हणाली, "चौथं प्रकरण गेलं." असं म्हणाली जसं तुम्ही रोलर उघडून म्हणता, बेअरिंग गेलं.

तुम्हाला स्पष्ट सांगतो. अठ्ठावीसला ती प्रबंध देणार नाही. दुपारीच तिने कार्यालयात तसं लिहून दिलं. गाइडांनी तिला थांबवून पाहिलं, म्हणाले, तपासणारे सुचवतील तेव्हा दुरुस्त करू. ती म्हणाली, "चूक मले आज दिसली, तं मी उद्या नाई दिसली असं कसं म्हनू?" जूनची जागा दुसऱ्या कोणाला जाईल. दिवाळीपर्यंत नवीन प्रकरण होईल असं तिला वाटतं, होईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. तुमच्या घरात जे येणार होतं ते माझ्या बोलण्याने थांबलं. तुम्ही मला फाटकात उभं करून जे बोलायचं ते बोला, या वेळी मी चहा घेऊन बसणार नाही.

दुपारी ती पत्र घेऊन खिडकीपाशी गेली. पाठमोरी वाचत होती. मी फळ्याकडे बघत बसलो. तुम्हाला त्यात काय लिहिलं ते कळायला हवं, सत्त्याण्णवच्या बैठकीत मी का गप्प बसलो ते. घरी आलो की तुमच्या अंगणात येऊन सांगतो. तुम्ही तेव्हा माझा भरवसा धरला होता, आणि मी माझ्या गुरुवारचा विचार करत होतो. एवढं आत्ता लिहितो.

वाचून झालं तशी तिने पत्राची घडी घातली. फळ्यापाशी गेली. नवी व्याख्या एका कोपऱ्यात उरली होती, तिच्याखाली रेघ मारली. मग वळली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझ्याच आवाजात, अगदी माझी मान वाकडी करायची लकबसुद्धा, म्हणाली, "कोणाला हरकत?"

ती तीन मोजत होती, अय्याजभाई. ओठ हलताना दिसत होते.

मी हात वर केला. व्याख्येला माझी काही हरकत नव्हती, ती बरोबर होती. तरी केला.

तिने खडू ठेवला. हात ओढणीला पुसले, खुर्ची ओढून समोर बसली.

"बोला," म्हणाली. "मी ऐकून राह्यले."

तुमचा,
पुंडलिक